फ्लॅट आवडला होता, इमारत वाचायची राहिली होती

पहिल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे मोठी खिडकी होती. बघायला गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन ओट्यावर आडवं पसरलं होतं आणि मी मनाने तिथे राहायलाही गेले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला कळलं. एजंटलाही कळलं. चौथ्या दिवशी आम्ही टोकन देऊन मोकळे झालो. पावतीवर रक्कम, तारीख, दोन सह्या, एवढंच.

आज कुणी विचारलं की मी सगळ्यात आधी त्या पावतीबद्दल बोलते. तिच्यावर आणखी एक वाक्य हवं होतं: असोसिएशनची (म्हणजे इमारतीतल्या सगळ्या मालकांच्या संघटनेची) कागदपत्रं, हिशेब आणि इमारतीची तपासणी बघून खरेदीदाराचं समाधान झालं नाही, तर अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत. हे वाक्य नव्हतं म्हणून पुढे आमचे अर्धे पैसे गेले. विक्रेता वाईट होता असं नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

मी बावीस वर्षं हिशेबाचं काम करते आहे. ताळेबंद वाचणं हे माझं रोजचं काम. तरीही फ्लॅट बघताना मी नळ सोडून पाहिला, दारं उघडून-मिटून पाहिली, कपाटं मोजली, आणि त्या इमारतीला स्वतःचा ताळेबंद असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते आणून दिलं मामांनी. मामा स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता निवृत्त. टोकन दिल्याचं सांगायला मी त्यांना फोन केला. अभिनंदन वगैरे नाहीच. त्यांनी विचारलं, "किती फ्लॅट आहेत गं इमारतीत?"

"चाळीस."

"म्हणजे एकोणचाळीस भागीदार घेतेयस. ते कोण आहेत, कसे वागतात, हे कुठे वाचलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. आम्ही घेत होतो ती इमारत कॉन्डोमिनियम पद्धतीची. हा शब्द लॅटिन, अर्थ ‘एकत्र मालकी’. अशा मालकीचे आजचे कायदे फार जुने नाहीत. पोर्टो रिकोने १९५८ साली तसा कायदा केला, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९६१ साली ‘स्ट्राटा टायटल’ या नावाने. नंतर देशोदेशी ही पद्धत गेली, नावं बदलली, गाभा तोच राहिला. चार भिंतींच्या आतली जागा तुमची एकट्याची. जमीन, पाया, कॉलम, गच्ची, जिना, लिफ्ट, पाइप, पाण्याच्या टाक्या या सगळ्यांत तुमचा अविभक्त हिस्सा. अविभक्त म्हणजे वेगळा काढून दाखवता येणार नाही असा. सहकारी पद्धतीत इमारत संस्थेच्या नावावर असते आणि आपण सभासद म्हणून तिथे राहण्याचा हक्क घेतो. इथे संस्था इमारतीची मालक नसते, मालक आपण सगळे असतो. गच्ची गळली तर ती आपलीच गळते, मग आपण पहिल्या मजल्यावर का राहत असेना.

"तुझा हिस्सा किती टक्के?" मामांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. ज्या आकड्याने पुढचा प्रत्येक खर्च माझ्या खात्यावर येणार होता, तो आकडा न विचारता मी टोकन दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी असोसिएशनच्या सेक्रेटरींना भेटले आणि कागद मागितले. घोषणापत्र (कोणता भाग कुणाचा आणि हिस्सा किती हे सांगणारा इमारतीचा मूळ दस्त) आणि उपविधी (असोसिएशनचे नियम), तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, पाच वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, इमारतीची विमा पॉलिसी, वर्गणीची थकबाकी, आणि इमारतीवर किंवा असोसिएशनवर कोर्टात काही दावा असेल तर त्याची माहिती. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "आजवर एकाही गिऱ्हाइकाने मिनिट्स मागितले नाहीत हो." कागद द्यायचे तर विक्रेत्याचं पत्र लागेल असं ठरलं. पत्र आणलं, आणि अकराव्या दिवशी एक जाडजूड फाइल हातात आली.

घोषणापत्र मी आधी वाचलं. कंटाळवाणं असतं, पण आपला हिस्सा त्यातच लिहिलेला असतो. आमचा निघाला २.८ टक्के. काही इमारतींत हिस्सा क्षेत्रफळावर ठरतो, काही ठिकाणी किमतीवर, काही ठिकाणी सगळ्यांना सारखा; मतदानही कुठे हिस्स्याप्रमाणे, कुठे दर फ्लॅटला एक मत. एक कोरा कागद घेऊन त्यावर २.८ लिहिलं आणि समोर ठेवला. नंतर जो खर्च वाचनात आला त्याला त्या आकड्याने गुणत गेले.

मग इतिवृत्तं.

ती हाताने लिहिलेली होती, निळ्या शाईत, एकाच अक्षरात. पहिल्या वर्षी: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय चर्चेस आला. तीन कोटेशन मागवण्याचे ठरले.’ दुसऱ्या वर्षी: ‘कोटेशन वाचून दाखवली. सभासदांवर बोजा पडत असल्याने विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.’ तिसऱ्या वर्षी नुसतं: ‘विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.’ चौथ्या वर्षी विषयपत्रिकेवरून वॉटरप्रूफिंग गायब आणि त्या जागी ‘सातव्या मजल्यावरील सभासदांची ओलीबद्दल तक्रार, तात्पुरती डागडुजी करण्यात आली’. पाचव्या वर्षी: ‘पार्किंगमधील स्लॅबचे प्लास्टर पडून एका वाहनाचे नुकसान झाले. चर्चा झाली.’ काय चर्चा झाली, काय ठरलं, एक शब्द नाही. दरवर्षी हजेरी दहा-अकरा जणांची. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब, मग तेवढ्याच लोकांत पुन्हा सुरू.

एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. पहिल्या चारही वर्षांत शेवटच्या ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली एकाच फ्लॅटच्या सभासदाचा प्रश्न नोंदवलेला होता. ‘वॉटरप्रूफिंगचे काय झाले, अशी विचारणा केली.’ ‘पुन्हा विचारणा केली.’ ‘खर्च दरवर्षी वाढत असल्याचे निदर्शनास आणले.’ ‘लेखी पत्र दिले.’ पाचव्या वर्षी हजेरीत तो फ्लॅट नव्हता. मी नंबर पुन्हा पाहिला. आम्ही टोकन दिलेला फ्लॅट तोच होता.

त्या रात्री मी फाइल मिटून बराच वेळ बसून राहिले. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन मला ज्याने विकायला काढलं होतं, तो माणूस चार वर्षं एकटा ओरडत होता, पाचव्या वर्षी त्याने ओरडणं सोडलं आणि घर विकायला काढलं. इमारतीबद्दल कुठल्या तज्ज्ञाने लिहिलेल्या अहवालापेक्षा मला ती चार वाक्यं जास्त सांगून गेली.

हिशेबांनी उरलंसुरलं सांगितलं. इथला मेंटेनन्स आम्ही बघितलेल्या सगळ्या इमारतींत कमी होता, आणि एजंटने तो गुण म्हणून सांगितला होता. ताळेबंद उघडल्यावर कारण समोर आलं. मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत तीन वर्षं एक पैसाही टाकलेला नव्हता. जो निधी शिल्लक होता तो इमारतीच्या चार महिन्यांच्या खर्चाइतका, आणि त्यातूनही एकदा विजेचं बिल भरलेलं. रोजचा खर्च राखीव पैशातून भागवणं हे कुठल्याही हिशेबात वाईट लक्षण आहे, घराच्या असो की कारखान्याच्या. चाळीसपैकी नऊ फ्लॅटची वर्गणी सहा महिन्यांहून जास्त थकलेली. म्हणजे २२.५ टक्के. अमेरिकेत गृहकर्जांना पाठबळ देणाऱ्या फॅनी मे या संस्थेने बरीच वर्षं असा निकष ठेवला होता की, इमारतीच्या वार्षिक अंदाजपत्रकातले किमान १० टक्के राखीव निधीला जायला हवेत आणि दोन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेले फ्लॅट १५ टक्क्यांच्या वर नसावेत. जगात दुसरीकडे हेच आकडे लागू पडतील असं नाही, पण अंदाज यायला ते चांगले आहेत. इथे निधीला शून्य आणि थकबाकी दीडपट.

शेवटचा हिशेब मी माझ्या कागदावर केला. गच्ची आणि पार्किंगच्या दुरुस्तीचं तीन वर्षांपूर्वीचं कोटेशन घेतलं, २.८ टक्क्यांनी गुणलं. आमच्या वाट्याला साधारण तीस महिन्यांचा मेंटेनन्स एकरकमी येत होता, तोही जुन्या दराने. नऊ जण पैसे देणार नाहीत असं धरलं तर त्यांचा भार तात्पुरता का होईना उरलेल्यांवर. बाकी इमारतींपेक्षा इथे जेवढा मेंटेनन्स कमी होता, ती सगळी बचत या एका वर्गणीत जात होती आणि वर आणखी भरावे लागत होते.

तरीही मन अडकलेलंच होतं. नवरा म्हणाला, "मामांना एकदा घेऊन जाऊ. ते म्हणाले ठीक आहे, तर ठीक." खरं तर त्यांनी ठीक म्हणावं अशी आमची दोघांची इच्छा होती.

मामा आले ते टॉर्च, छोटी हातोडी आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन. फ्लॅटमध्ये दहा मिनिटं थांबले असतील. खिडकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग गच्चीवर. पाऊस होऊन तीन दिवस झाले होते आणि दोन कोपऱ्यांत अजून पाणी साचलेलं होतं. पाणी जायच्या तोंडावरची जाळी पानांनी भरलेली. मामांनी वाकून ती पानं काढली, हात झटकला आणि म्हणाले, "चल, आता खाली."

तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांनी तासभर घालवला. टॉर्च छतावर धरून ते एकेका बीमखालून चालत गेले. एका ठिकाणी छतावर पांढरट डाग होते, जवळून बघितलं तर खडबडीत थर. एका भेगेतून तर बारीक पांढरी सुई खाली लोंबत होती. "हात लाव," मामा म्हणाले. अंगठ्याला खडूसारखी पूड लागली. "वरून पाणी झिरपतं, काँक्रीटमधला चुना विरघळवून आणतं आणि इथे सोडून जातं. पांढरं दिसलं की समजायचं, पाण्याला वाट सापडली आहे."

पुढच्या कॉलमजवळ डाग पांढरा नव्हता, तांबूस होता, चहा सांडल्यासारखा खाली ओघळलेला. मामांनी तिथे हातोडीने हलकेच ठोकलं. बाजूच्या कॉलमवर ठोकलं तेव्हा आवाज टणक आला होता. इथे तो पोकळ आला, माठावर टिचकी मारल्यासारखा. "तांबूस म्हणजे पाणी सळईपर्यंत पोचलंय." मग सावकाश, विद्यार्थ्याला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कतेमुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, पाण्याबरोबर क्षार येतात, तो थर जातो आणि सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्याला आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीट फोडतो. फुटलेल्या काँक्रीटमधून आणखी पाणी जातं. "हे थांबवता येतं," ते म्हणाले. "पण थांबवायला दरवर्षी थोडे पैसे आणि एक शहाणी कमिटी लागते. इथे दोन्ही नाही."

घरी येताना गाडीत त्यांनी सर्फसाइडची गोष्ट सांगितली. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावी चॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली कॉन्डोमिनियम इमारत होती, १९८१ साली बांधलेली. २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. तिथे इमारतीत गडबड असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. २०१८ मध्येच एका इंजिनिअरने लेखी दिलं होतं की पोहण्याच्या तलावालगतच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय. पुढची अडीच वर्षं दुरुस्तीवर आणि वर्गणीवर वाद चालला. सुमारे दीड कोटी डॉलरची विशेष वर्गणी एप्रिल २०२१ मध्ये मंजूर झाली. तिचे हप्ते सुरू व्हायच्या आत इमारत पडली. मूळ बांधकामातल्या त्रुटीही पुढे तपासात समोर आल्या, सगळं काही देखभालीवर ढकलता येत नाही. पण त्या काळी फ्लोरिडात मालकांना मतदान करून राखीव निधी न भरण्याची मुभा होती, आणि ती मुभा लोक वापरत. २०२२ साली कायदा बदलला, तीन आणि त्याहून जास्त मजल्यांच्या जुन्या इमारतींची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची झाली, आणि रचनेशी संबंधित कामांसाठीचा निधी टाळण्याची वाट बंद झाली.

"आपली इमारत पडेल असं मी म्हणत नाही," मामा म्हणाले. "बहुतेक पडत नाहीत. पण तिथली आणि इथली इतिवृत्तं शेजारी ठेवलीस तर वाक्यं सारखी निघतील."

मी विक्रेत्याला फोन केला. आम्ही घेऊ शकत नाही, म्हणाले, आणि का ते प्रामाणिकपणे सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "चार वर्षं बोललो हो ताई. शेवटी बायको म्हणाली, आता पुरे." त्यांनी अर्धं टोकन परत केलं. अर्धं त्यांनी त्यांच्या नव्या घराच्या टोकनात घातलेलं होतं. पावतीवर ते वाक्य नव्हतं, त्यामुळे मी पुढे काही बोलू शकले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

दुसरा फ्लॅट सापडायला पाच महिने लागले. या वेळी क्रम उलटा ठेवला. आवडलेल्या प्रत्येक इमारतीची आधी इतिवृत्तं मागितली. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिथे मी पुढे गेले नाही आणि त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. तिसऱ्या ठिकाणी आलेली फाइल इतकी रटाळ होती की वाचताना मला बरं वाटायला लागलं. ‘लिफ्ट क्र. २ चा दोर बदलला, ठेकेदाराचे हमीपत्र सोबत जोडले आहे.’ ‘टाकी साफ केली, पाण्याचा नमुना तपासून घेतला.’ ‘मागील सभेतील ठराव ४ ची अंमलबजावणी पूर्ण.’ भांडणं होती, पण ती सायकली कुठे लावायच्या यावर. चौसष्ट मालकांपैकी चाळिसेक सभेला हजर. आणि एक कागद असा होता जो पहिल्या इमारतीत नव्हताच: इमारतीच्या तेवीस भागांची यादी. प्रत्येकासमोर कधी बसवला, अजून किती वर्षं चालेल, बदलायला किती लागेल आणि त्यासाठी निधीत आज किती आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पंप, बाहेरचा रंग, पाण्याचे उभे पाइप, गेटची मोटर, सगळं. मेंटेनन्स पहिल्या इमारतीच्या दीडपट होता. तो दीडपट का आहे, हे त्या यादीत ओळीने लिहिलेलं होतं.

फ्लॅट मात्र साधा होता. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, पलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. मी खूप वेळ ओट्यापाशी उभी राहिले. ऊन येणार नव्हतं. ती खिडकी मला आजही आठवते, खोटं कशाला बोलू.

तिथे आम्ही तीनदा गेलो, वेगवेगळ्या वेळी. हे प्रत्येकाने करावं. रात्री दहाला सगळं बंद करून अंधारात पंधरा मिनिटं उभं राहिलं की घर बोलायला लागतं. वरच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली, ती स्पष्ट ऐकू आली. मागच्या बेडरूमच्या भिंतीतून सांडपाण्याचा पाइप जात होता आणि वर कुणी फ्लश केला की पाणी खळाळत खाली गेल्याचं ऐकू यायचं. म्हणून ती खोली आम्ही झोपायची न ठेवता पुस्तकांची केली. दिवसा गेलो असतो तर हे कळलंच नसतं. सासूबाईंची व्हीलचेअर नेऊन लिफ्टच्या दारातून आत-बाहेर काढून पाहिली. चारेक बोटं जागा उरत होती. प्रवेशद्वाराशी दोन पायऱ्या होत्या आणि रॅम्पचा ठराव मागच्याच सभेत मंजूर झालेला. मी विचारलं, काम कधी? सेक्रेटरीबाईंनी ठेकेदाराचा कार्यादेश काढून दाखवला.

कागदांत तीन गाठी निघाल्या आणि तिन्ही सह्या करण्याआधी सोडवल्या.

पहिली पार्किंगची. जाहिरातीत जागा क्रमांक १७, विक्रेत्याची गाडीही १७ वर उभी. घोषणापत्राला जोडलेल्या नकाशात त्यांच्या फ्लॅटला १९. विचारल्यावर कळलं, शेजाऱ्यांशी तोंडी अदलाबदल झाली होती, आठ वर्षांपूर्वी, खांबामुळे शेजाऱ्यांना गाडी वळवता येत नव्हती म्हणून. दोघंही समजूतदार होते म्हणून आठ वर्षं निभावलं. उद्या शेजाऱ्यांनी घर विकलं की नवा मालक नकाशा दाखवून १७ मागणार. पार्किंगची जागा मालकीची असते, नुसत्या वापराच्या हक्काची असते, की असोसिएशनच्या मर्जीने वाटलेली असते, हे प्रत्येक इमारतीत वेगळं असतं, आणि विक्रेता प्रामाणिकपणे चुकीचं सांगू शकतो. असोसिएशनने अदलाबदलीची लेखी नोंद केली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखतात क्रमांक नकाशाप्रमाणे दुरुस्त होऊन आला.

दुसरी बाल्कनीची. बाल्कनी आपण एकटेच वापरतो, पण घोषणापत्रात ती ‘मर्यादित सामायिक’ भागात होती. म्हणजे खालचा स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग असोसिएशनचं, वरच्या फरशा आमच्या. मागच्या मालकाने हौसेने वर दुसरी फरशी बसवली होती. उद्या खालच्या घरात ओल आली तर ती फरशी उखडायचा खर्च कुणाचा? उपविधींत लिहिलेलं होतं: ज्याने बसवली त्याचा, आणि फ्लॅट विकला तर नव्या मालकाचा. खिडक्यांच्या चौकटीही इथे मालकाच्या, पहिल्या इमारतीत त्या असोसिएशनच्या होत्या. एकाच वस्तूचा खर्च इमारत बदलली की दुसऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून हे वाचूनच घ्यावं लागतं. विम्याचंही तसंच. असोसिएशनची पॉलिसी इमारतीच्या सांगाड्यापुरती होती, भिंतींच्या आतलं लाकूडकाम, फरशा, सामान तिच्यात नाही. काही पॉलिसी आतल्या मूळ फिटिंगलाही संरक्षण देतात. शिवाय प्रत्येक दाव्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम विमा कंपनी देत नाही, आणि ती कुणी भरायची हे उपविधींत असतं. आम्ही आतल्या गोष्टींसाठी वेगळा विमा घेतला.

तिसरी गाठ पैशाची होती. तेवीस भागांच्या यादीत पहिली लिफ्ट दोन वर्षांत बदलायची होती. निधीत तिच्यासाठी सत्तर टक्के जमा होते, उरलेल्या तीस टक्क्यांसाठी विशेष वर्गणीचा ठराव चार महिन्यांपूर्वीच झालेला, तीन हप्त्यांत. विक्रेते म्हणाले, लिफ्ट तुम्ही वापरणार, वर्गणी तुम्ही द्या. आमचं म्हणणं, ठराव तुमच्या मालकीच्या काळातला आहे. दोन्ही बाजूंनी खरं होतं. दोनदा बोलणं फिसकटलं. शेवटी दोन हप्ते त्यांचे, एक आमचा असं ठरलं आणि करारात स्पष्ट लिहिलं: हस्तांतराच्या तारखेआधी मंजूर झालेली, पण या करारात न दाखवलेली कुठलीही वर्गणी निघाली तर ती विक्रेत्याची. या ओळीसाठी त्यांचे वकील कुरकुरले. मी हटले नाही. हस्तांतराच्या आदल्या दिवशी असोसिएशनचं थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं, तारीख बघून.

बाकीचं नेहमीचं होतं: मालकीची साखळी वकिलाकडून तपासून घेणं, प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ स्वतः टेप लावून मोजणं, कर्जाची मंजुरी. बँकेच्या माणसाने भाडेकरू किती, थकबाकी किती, बिल्डरच्या ताब्यात अजून किती फ्लॅट हे विचारलं. सगळे आकडे माझ्या कागदावर तयार होते. भाड्याने दिलेले फ्लॅट फार असले तर बँका कां-कूं करतात, आणि उद्या आपल्याला विकायचं झालं तर आपल्या गिऱ्हाइकाचंही कर्ज अडतं.

मामांनी ही इमारतही पाहिली. पार्किंगमध्ये त्यांना एका ठिकाणी पांढरा डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी ठोकून पाहिलं, आवाज टणक. डागाभोवती खडूने गोल काढलेला होता आणि आत तारीख लिहिलेली, दीड वर्षापूर्वीची. डाग खडूच्या बाहेर आलेला नव्हता. मामा त्या गोलाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुणी केलंय, त्या माणसाला मला भेटायचंय." खजिनदारांनी केलं होतं. निवृत्त शिक्षक, दर सहा महिन्यांनी टॉर्च घेऊन फिरतात.

ताबा मिळाला त्यानंतर सातव्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी मी गच्चीवर गेले, पाणी कुठे साचतंय ते बघायला. कुठेच साचलेलं नव्हतं. कोपऱ्यात खजिनदार सर छत्री खांद्यावर टेकवून वाकलेले होते आणि जाळीतली पानं काढून पिशवीत भरत होते. मी दुसऱ्या कोपऱ्यातल्या जाळीकडे गेले.